आधी कुणी सोडायचं

“ते झालं रं. पण हे पुरणार कुठवर?”

दस्तगीर वस्तादांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि रणधीरच्या हातातलं पेन उघडंच राहिलं.

त्यानं कागद परत त्यांच्यापुढं सरकवला. सही तेवढी बाकी होती. चिंचेखालच्या तालमीची रस्त्याकडची दुकानं बँकेकडं तारण ठेवायची आणि त्या पैशातून यंदाच्या मोसमासाठी तालमीच्या फुटबॉल संघात नायजेरियाचा एक फॉरवर्ड आणायचा, असा बेत होता. त्या दुकानांच्या भाड्यावरच तालीम चालायची. म्हणून अध्यक्षांच्या सहीशिवाय पान हलणार नव्हतं, आणि अध्यक्ष होते वस्ताद.

खेळाडू मिळवून देणारा एजंट बाहेर गाडीत बसून होता. दुपारपर्यंत होकार मिळाला नाही, तर फॉरवर्डला घेऊन तो गल्लीपलीकडं घुमट तालमीत जाणार होता. त्यानं ते लपवलंही नव्हतं. उलट हसत हसत सांगितलं होतं.

“वस्ताद, तिकडं युरोपात लोक वर्षानुवर्षं हेच विचारतायत,” रणधीर म्हणाला. “कुठवर पुरणार, कधी फुटणार. आणि दर वर्षी खर्च वाढतोच आहे. टीव्हीचा पैसा येतो, गुंतवणूकदार येतात...”

“आपल्याकडं टीव्ही कुणाचा हाय?”

“येईल. आधी संघ उभा राहायला पाहिजे.”

“आन् संघ उभा राहायला?”

“पैसा.”

वस्ताद हसले नाहीत. हसले असते तर रणधीरला बरं वाटलं असतं.

क्रीडा व्यवस्थापन शिकायला तो इंग्लंडला गेला, तेव्हा तिथंच राहील अशी सगळ्यांची खात्री होती. तो परत आला आणि तालमीचा संघ त्यानं हाती घेतला. कोल्हापूरच्या या पेठेतून असा संघ उभा करायचा की देशानं मान वळवून बघावं, हे त्यानं पहिल्याच बैठकीत सांगितलं. थोरांनी माना डोलावल्या. कट्ट्यावरच्या पोरांनी त्याचं नाव ‘युरोप’ ठेवलं. युरोप चहा घेणार का, युरोप आज लवकर उठला वाटतं, असं दिवसभर चालायचं. त्याला राग यायचा नाही. स्वप्न बघणाऱ्याला हसणारच लोक, असं तो स्वतःला सांगायचा.

पण मागच्या मोसमात घुमट तालमीनं आफ्रिकेचे दोघं आणले आणि अंतिम सामन्यात चिंचेखालच्यांना धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी चौकात भलामोठा डिजिटल फलक लागला. ‘चिंचा पडायला लागल्या. पिशव्या घेऊन या.’ त्या दिवसापासून रणधीरची झोप उडाली होती. डोळा लागलाच तर स्वप्नात एजंटाचा फोन वाजायचा.

“तू तिकडं एवढं बघून आलास,” वस्ताद म्हणाले. “बंद पडलेलं काय बघितलंस का न्हाई?”

रणधीरनं पेनाला टोपण लावलं.

बघितलं होतं. ही गोष्ट त्यानं तालमीत कुणालाच सांगितली नव्हती. आता सांगितली, कागदाकडं बघत, तुटक तुटक. तो शिकत होता त्या लहानशा गावात एक जुना क्लब होता. आजोबांनी नातवाचा हात धरून सामन्याला न्यावं, इतका जुना. एका वर्षी तो संघ जिंकत जिंकत वरच्या गटात गेला. वर टिकायचं म्हणून खेळाडू आणले, पगार वाढवले. पुढच्या वर्षी जिंकण्यातून जे मिळणार होतं, ते आधीच खर्चून टाकलं होतं. आणि पुढच्या वर्षी संघ हरला.

एका शनिवारी फाटकाला कुलूप लागलं. तरीही सामन्याच्या वेळेला माणसं आली. एका म्हाताऱ्यानं थर्मासमधून चहा आणला होता. तो त्यानं फाटकापाशी उभ्या उभ्याच संपवला, झाकण लावलं आणि घरी गेला.

“त्यांना कळत न्हवतं?”

“कळत होतं. सगळ्यांनाच कळतं, वस्ताद.”

“मग?”

“समोरचा थांबत नाही. आपण एकट्यानं थांबलो की आपण संपलो.”

वस्तादांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. गुडघ्यावर हात टेकून ते उठले.

“बूट काढ.”

“काय?”

“बूट काढ आन् ये.”

आतल्या खोलीत कुस्तीचा हौदा होता. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा लाल मातीवर पडला होता. वस्तादांनी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि ते खाली उतरले. पंचाहत्तरी उलटलेला माणूस. पण हौद्यात पाय पडताच त्यांची पाठ ताठ झाली. मागोमाग रणधीर उतरला, इस्त्रीच्या पॅंटीत. एजंटानं आत डोकावू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

“धर मान.”

वस्तादांचा पंजा त्याच्या मानेवर पडला. जुन्या वडाची पारंबी पडावी तसा. रणधीरनंही त्यांची मान धरली. कपाळाला कपाळ टेकलं. म्हाताऱ्याच्या अंगाला तंबाखूचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता.

एकमेकांना रेटत दोघं हौद्यात अर्धी फेरी फिरले.

“आता सोड,” वस्ताद म्हणाले.

“तुम्ही सोडा आधी.”

“मी का? मी सोडलं की तू पाडशील.”

“मी तुम्हाला पाडेन का वस्ताद?”

“हौद्यात कोण कुणाचा वस्ताद?”

रणधीरच्या दंडाला रग लागली. त्यानं जोर केला की पंजा आवळायचा. त्यानं ढिलं घेतलं तरी पंजा आवळायचा. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, एकदा, मग लांबलचक.

“नियम पाहिजे,” तो धापा टाकत म्हणाला. हा विचार त्याला पूर्वीपासून प्रिय होता. परीक्षेत त्यानं त्यावरच पानं भरली होती. “फुटबॉलच्या मंडळानं नियम करावा. अमुक एवढ्याच्या वर कुणीच खर्च करायचा नाही. दोघांनी एकाच वेळी सोडायचं. मग कुणाचंच नुकसान नाही.”

“हे ब्येस.” वस्तादांना ते मनापासून पटलेलं दिसलं. “आपुन करूया नियम. मी तीन म्हनलो की दोघांनी सोडायचं. कबूल?”

“कबूल.”

“एक... दोन... तीन.”

कुणीच सोडलं नाही.

कपाळाला कपाळ लावून दोघं तसेच उभे राहिले. रणधीरला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यात मिसळलेला म्हाताऱ्याचा. आपली बोटं उघडली नाहीत, हे त्याला उशिरा कळलं. त्यानं बोटांना उघडायला सांगितलंच नव्हतं.

“पुन्हा म्हनू का तीन?” वस्तादांनी विचारलं.

परत तीन म्हटलं तरी तेच होणार, आणि त्याच्या पुढच्या वेळीही तेच, हे रणधीरला स्पष्ट दिसलं. आणखी कितीही वेळा म्हटलं तरी तेच. तिकडच्या गावातली माणसंही अशीच कपाळाला कपाळ लावून उभी असणार. घुमट तालमीतही आत्ता कुणीतरी असाच धापा टाकत असेल.

त्याला एकदम लाज वाटली. कशाची, ते नीट कळलं नाही. त्यानं बोटं उघडली. हात खाली घेतला.

त्याच क्षणी वस्तादांचा पाय त्याच्या पायामागं गेला, आणि तो धाडकन पाठीवर आदळला.

“सवय,” वस्ताद म्हणाले. त्यांच्या तोंडावर खरोखरीची दिलगिरी होती. “हात सुटला की पाय आपोआप जातोय, मर्दा. त्याला मी तरी काय करनार?”

रणधीर तसाच पडून राहिला. पाठीतून कळ निघत होती. कोपर सोलपटलं होतं आणि मातीवर रक्ताचा ठिपका पडला होता. लहानपणी या हौद्यात तो दिवसभर पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. गादीवर पडल्यासारखं वाटायचं तेव्हा. आता फरशीवर पडल्यासारखं झालं होतं.

त्यानं तळहातानं माती दाबून बघितली. दगड.

“इतकी कडक कशी झाली?”

“रोज उकरली न्हाई की हुतीया.”

“का नाही उकरत?”

वस्तादांनी कोपऱ्यात टेकवलेल्या खोऱ्यांकडं बघितलं.

वेगळ्या उत्तराची गरज नव्हती. रोज पहाटे खोरं घेऊन हौदा उकरायची ती पेठेतलीच पोरं होती. उकरून झालं की तीच फुटबॉल घेऊन मैदानात जायची. यंदा संघात बाहेरचे खेळाडू भरले तेव्हा त्यांची नावं रणधीरनंच गाळली होती. चांगल्या शब्दांत सांगितलं होतं त्यांना; चहा पाजून, खांद्यावर हात ठेवून. त्यानंतर ती पहाटेची यायची बंद झाली. ती का येत नाहीत, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

वस्ताद त्याच्याजवळ खाली बसले. बसताना त्यांचे गुडघे कटकन वाजले. त्यांनी बोटांनी मातीचा एक कपचा उचकटला, चिमटीत चुरडून बारीक केला आणि ती पूड रणधीरच्या कोपरावर दाबून धरली. झोंबलं.

तेवढ्यात दारात एजंट आला. पायात बूट तसेच, कानाला फोन. इस्त्रीच्या कपड्यांनिशी मातीत पडलेल्या माणसाकडं आणि त्याचं कोपर धरून बसलेल्या म्हाताऱ्याकडं त्यानं आळीपाळीनं बघितलं. मग फोनवर हात ठेवून तो म्हणाला की घुमटवाले तयार आहेत, कागदही करून बसलेत, आता एक मिनिटसुद्धा थांबणार नाहीत.

“काय सांगू त्यांना साहेब?”

रणधीर उठून बसला. सहीला नाही म्हणावं, तर चौकात नवा फलक लागणार. त्यावर काय लिहिलं असेल तेही त्याला आत्ताच दिसत होतं. हो म्हणावं, तर... त्याला ते फाटक दिसलं. कुलूप दिसलं. फाटकापाशी उभा राहून चहा पिणारा माणूस दिसला, आणि त्याला वस्तादांचा चेहरा होता.

“वस्ताद,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “तुम्हीच सांगा. काय सांगू यांना?”

वस्तादांनी त्याच्या कोपरावरचा अंगठा काढला नाही. एजंटाकडं बघितलंही नाही.

“सांगू नगंस. इचार,” ते म्हणाले. “म्हनावं, मातीचा दगड झाल्यावर हरल्यालं मानूस पडायचं कुठं?”