मेघसुळक्यानं ऐकलेला शब्द

एका राज्यात, तिन्हीसांजेला, देवापुढं वात लावायच्या घटकेला हे घडलं. राणी वेणुमतीचं तान्हं बाळ दुपारपासून रडत होतं. तिनं अंगाई म्हटली, पाळणा हलवला, दृष्ट काढली. शेवटी ती थकली नि खिडकीतून ओरडली, "घे रे डोंगरा, तूच घेऊन जा याला!"

दूर उत्तरेला मेघसुळका उभा होता. तो म्हणाला, "तथास्तु."

बघते तो काय, पाळणा रिकामा! राज्यावरचे सगळे ढग बाळावर सावली धरायला सुळक्याकडं गेले आणि खाली विहिरी आटल्या.

राणी अनवाणी निघाली. पायथ्याशी कड्याच्या कपारीत राहणारी पाकोळी पंख फडफडवत म्हणाली, "का गं राणीबाई, देताना तोंड मोठं केलंस, आता जरा पाय मोठे कर! वर तीन थर आहेत. जो जे ऐकवील ते मुकाट ऐक. उलटून बोललीस तर कोसळशील."

खाली काळा पाषाण, उन्हानं तव्यासारखा तापलेला. तो म्हणाला, "मी आधी आग होतो. रागानं वाहिलो. निवलो तेव्हा खालचं रान उरलं नव्हतं."

तळवे भाजले, तरी राणी बोलली नाही.

मधे तांबड्या मातीचा पट्टा, धुक्यानं निसरडा. माती म्हणाली, "पहिली आग निवल्यावर माझ्यावर गवत आलं होतं. तेवढ्यात दुसरी आली. भाजून वीट झाले."

'मी दमले होते हो,' हे राणीच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

वर बोचरा वारा, आणि दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक. ते म्हणाले, "आगीतल्या बुडबुड्यांची ही भोकं. पाण्यानं थेंबाथेंबानं भरली. युगं गेली, बाई."

राणी नुसती रडली.

चढता चढता ऋतू सरले होते. माथ्यावर ढगांच्या दुलईत बाळ दुडुदुडु चालत होतं. पहिलं पाऊल तिनं पाहिलंच नव्हतं.

"माझं लेकरू द्या, महाराज."

"तूच दिलंस."

"दिवसभर मी त्याला सोन्या म्हणत होते, राजा म्हणत होते. ते नाही ऐकलंत?"

"ते हळू बोललीस. माझ्यापर्यंत ओरडणंच पोचतं."

मग ऊर फुटेस्तोवर राणी ओरडली, "माझ्या सोन्या, माझ्या राजा, घरी चल!"

"तथास्तु," सुळका म्हणाला.

ढग सुटले, विहिरी भरल्या, राज्य पूर्ववत झालं. बाळानं मात्र आईकडं परक्या बाईकडं बघावं तसं बघितलं. मग हळूच तिचं बोट धरलं.

जिच्या मांडीवर आज लेकरू रडतंय, तिला हे जाऊन सांगा. लाडाचा शब्दही मोठ्यानं बोल म्हणावं. आणि तिनं शेजारणीला सांगावं.