खोट्या कागदाची राखण

एकदा एका संस्थानाचे दप्तर एक वृद्ध दप्तरदार सांभाळत असत. जुने कागद कापडी रुमालांत बांधून ठेवायचे आणि कसर लागू नये म्हणून त्यांना कडुनिंबाची धुरी द्यायची, हे त्यांचे व्रतच होते. त्यांच्या हाताखाली कुंभारआळीतला एक तरुण शिकत होता.

तळ्यातली माती कुंभारांची की एका धनिक व्यापाऱ्याची, याचा निवाडा त्या दिवशी पंच करणार होते. "माझ्या हक्काचा कागद दप्तरातच आहे," असे व्यापारी छातीठोकपणे सांगत होता. शिष्याने सकाळी रुमाल सोडला, तर कागद खरोखरच निघाला. पण त्याच्या वरच्या आणि खालच्या सगळ्या कागदांना कसरीने एकाच जागी आरपार भोक पाडले होते. या एकालाच भोक नव्हते. कुणीतरी तो नुकताच आत सारला होता.

शिष्याचे रक्त तापले. माती गेली तर बापाचे चाक थांबणार होते. बाहेर माणसांची चाहूल लागली, तसा त्याने तो कागद धुरीच्या शेगडीत टाकला. त्याचे चुकले असे आपल्यालाही चटकन म्हणवणार नाही.

दप्तरदारांनी मात्र निखाऱ्यांत हात घातला. कागदाची कड जळाली होती, त्यांची बोटेही पोळली. त्यांनी कागद होता तिथेच ठेवला आणि रुमाल बांधला.

"गुरुजी, खोटा आहे तो! आमच्या पोटावर पाय देणाऱ्यासाठी हात भाजून घेतलात?"

"रुमाल उचल. पंच आलेत."

जळकी कड दिसताच व्यापारी ओरडला, "पाहा! माझा पुरावा जाळायला निघाले होते!"

"खरे आहे," दप्तरदार म्हणाले. "माझ्या शिष्यानेच तो आगीत टाकला." त्यांनी कागदांचा गठ्ठा पंचांपुढे सरकवला. "आता हे कागद लागले आहेत त्याच क्रमाने उजेडात धरून पाहावेत."

पंचांनी एकेक कागद धरला. मग एकाने विचारले, "शेठ, कीड तेवढी तुमच्याच कागदाला वळसा घालून गेली काय?"

पंचांनी तो कागद बनावट ठरवला. माती कुंभारांकडे राहिली.

परतल्यावर शिष्य म्हणाला, "आता तरी जाळू?"

"अरे, तो जळाला असता, तर 'माझा खरा कागद यांनी जाळला' असे व्यापारी जन्मभर सांगत राहिला असता, आणि लोकांना ते पटलेही असते. समोर असलेल्या असत्याला उत्तर देता येते. राखेला काय उत्तर देणार? शिवाय आज रागाने खोटे जाळणारा हात उद्या गैरसोयीचे सत्यही जाळील. निवाडा पंचांनी करावा, आपण राखावे. त्या कागदाला टाचण जोड. घडले ते सगळे लिही."

शिष्याने लिहिले, 'हा कागद बनावट आहे.' मग त्याने टाक खाली ठेवून जळकी कड निरखली. गुरुजींनी त्याला घाई केली नाही.

शेवटी त्याने पुढे लिहिले, 'हा जाळण्याचा प्रयत्न झाला. तो करणारा मी.' आणि खाली आपले नाव घातले.