सायबाईसाहेबांची हवेली

टेंभुरगडचा सगळा कारभार एका मांजरापायी अडला होता. मांजर हवेलीत कपाटाखाली दडून बसलं होतं आणि राजे मानाजीराव दरबारात रुसून बसले होते.

मांजराचं नाव साय. पण राजाचं मांजर, म्हणून हुकमानं तिला ‘सायबाईसाहेब’ म्हणायचं. तिच्यासाठी राजांनी खास हवेली बांधली होती. फरशी इतकी गुळगुळीत की बिचारीचे चार पाय चार दिशांना जात. भिंतींना आरसे, त्यामुळे जिकडे पाहावं तिकडे एक अनोळखी मांजर डोळे वटारून उभं. गळ्यात सोन्याचे घुंगरू, कोपऱ्याकोपऱ्यात धूप. खिडक्या मात्र कायमच्या बंद, कारण बाहेरच्या चिमण्यांमुळे बाईसाहेबांचं चित्त विचलित होतं, असं दिवाणजींचं मत पडलं होतं.

आणि राजे भेटीला निघाले की पुढे तुतारी, मागे नगारा, दाराशी चोपदाराची ललकारी. दार उघडायच्या आत मांजर कपाटाखाली! राजांनी आपलं लाडकं मांजर आजवर शेपटीपुरतंच पाहिलं होतं. एरवी ते कसं असतं, हे कळायला त्यांना मार्गच नव्हता, कारण तुतारीशिवाय राजा कुठे जातच नाही.

मग दोष कुणाचा? अर्थातच राखणदाराचा.

“येसबा,” राजे कडाडले, “तूच माझ्या मांजराला छळतोस.”

म्हातारा येसबा हात जोडून उभा राहिला. खरं कारण त्याला ठाऊक होतं, पण सांगणार कसं? ‘दोष तुमचाच आहे’ असं राजाला सांगणारा एक जण टेंभुरगडात पूर्वी होता म्हणतात. त्याचं पुढे काय झालं, ते मात्र कुणी सांगत नाही.

“पौर्णिमेला मी हवेलीत येईन,” राजांनी फर्मावलं. “मांजरानं आपल्या पायांनी यायचं आणि माझ्या मांडीवर बसायचं. धरून आणायचं नाही, बांधायचं नाही, दुधाची लालूच दाखवायची नाही. नाहीतर तू राज्याच्या हद्दीबाहेर!”

येसबा राजांच्या पायाशी वाकला. या वयात घरदार सोडून जायचं कुठे? तेवढ्यात त्याची मुलगी गोजरा पुढे झाली. तिची जीभ साऱ्या गडावर प्रसिद्ध होती.

“सरकार, घर मी लावते. एकच मागणं आहे. मांजराच्या जिवाला ज्याची धास्ती वाटेल, ते घराबाहेर काढायची मुभा मला द्या. मग ते कुणाचंही असो.”

“दिली,” राजे म्हणाले. “सगळ्या दरबारासमोर दिली.”

“पोरी, काय करून बसलीस?” घरी आल्यावर येसबानं कपाळाला हात लावला.

“आबा, तुम्ही जेवून घ्या,” गोजरा म्हणाली आणि हवेलीतून काय काय बाहेर काढायचं, ते बोटांवर मोजू लागली.

दुसऱ्या दिवसापासून हवेलीतून सामान निघू लागलं. आरसे निघाले, धूपदाण्या निघाल्या, घुंगरू निघाले. गुळगुळीत फरशीवर गोणपाट आलं. मखमली गादी गेली आणि गोजराच्या आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आली. खिडकी उघडली आणि तिला जाळी ठोकली. चढायला एक बाभळीचा ओंडका आला, दडायला एक वेताची टोपली. दिवाणजी येऊन नाक मुरडून गेले. “ही हवेली आहे की गोठा?” त्यांनी विचारलं.

“ते राहणारणीला विचारा,” गोजरा म्हणाली. राहणारीण खिडकीत चिमण्या बघत बसली होती.

पौर्णिमा आली. राजांची स्वारी थाटात निघाली. गोजरा वाटेतच आडवी उभी राहिली.

“सरकार, तुतारी आणि नगारा इथंच थांबवा. मांजराला त्यांची धास्ती आहे.”

राजांच्या भुवया चढल्या. पण शब्द दिला होता. तुतारी थांबली.

दारापाशी चोपदारानं ललकारीसाठी छाती फुगवली. “तुम्हीही बाहेर,” गोजरा म्हणाली. बिचाऱ्यानं फुगवलेली छाती तशीच परत नेली.

“आता मोजड्या काढा, सरकार. करकरतात.”

मोजड्या निघाल्या.

“मंदिलाचा तुरा हलतो. मांजर बिचकतं.”

मंदिल निघाला. मग खणखणणारी तलवार निघाली, मोत्यांचे कंठे निघाले, सळसळणारा जरीचा अंगरखा निघाला, अत्तराचा फायाही निघाला. दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. राजे मानाजीराव साध्या बाराबंदीत, अनवाणी, बोडक्या डोक्यानं उभे होते.

“आता जा. गोधडीवर टेका आणि तिच्याकडे बघूसुद्धा नका.”

राजे गेले. बसले. भिंतीकडे बघत राहिले. गोजरा दाराच्या फटीला डोळा लावून होती. साय ओंडक्यावरून उतरली. थबकली. राजांचा गुडघा हुंगला. मग मांडीवर चढली, गोल फिरून जागा केली आणि डोळे मिटून घुरघुरू लागली.

राजांचे डोळे भरून आले. “पोरी,” ते कुजबुजले, “असं काय बांधलंस तू इथं?”

“बांधलं काहीच नाही, सरकार. तुम्ही घर फक्त थाटाला बांधलं होतं. मी थाट बाहेर ठेवला आणि तुम्हाला आत घेतलं.”

राजांना असं हसू फुटलं की पोट हलायला लागलं. सायनं एक डोळा उघडला. राजांनी घाईघाईनं बाराबंदीची बाही तोंडात कोंबली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर आतल्या आत हसत राहिले.

“बक्षीस माग,” ते कसेबसे म्हणाले. “पण द्यायला माझ्या अंगावर काही ठेवलंच नाहीस.”

“आबांना माफी द्या. तेवढं तोंडानंच देता येतं. फक्त हळू बोला.”

राजांनी माफी दिली, शिवाय बाहेरचे मोत्यांचे कंठे दिले आणि हवेलीचा सगळा कारभार गोजराकडे सोपवला. सगळं दबक्या आवाजात. दरबार मात्र दिवेलागणीपर्यंत बाहेर ताटकळला, कारण राजांच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या आणि साय अजून उठली नव्हती.