साठ बिल्ले

फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्यात नाणी नव्हती, मातीचे बिल्ले होते. शेतकरी राजाच्या कोठारात पायलीभर ज्वारी ओतायचा आणि दारात बसलेली सगुणा कुंभारीण ओल्या मातीच्या चकतीवर नंदीचा ठसा उमटवायची. चकती भाजली की झाला बिल्ला. तो परत केला की पायलीभर ज्वारी मिळे, म्हणून तेल, मीठ, कापड सगळं बिल्ल्यांवरच चाले.

रीत एकच होती. ज्वारी कोठारात पडल्याचा आवाज कानांनी ऐकल्याशिवाय कुंभारणीने ठसा उचलायचा नाही. सगुणाची आजी आणि आई याच रीतीने बसल्या होत्या.

सगुणाची लेक सासरी नांदत होती; कधी ना कधी बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिच्यासाठी सगुणाने पोटाला चिमटा घेऊन चाळीस बिल्ले साठवले होते.

अशात राजाला सात मजली महाल बांधायची हुक्की आली. कोठारी हसत हसत सगुणाकडे आला. "सगुणाबाई, दहा हजार बिल्ले पाडा."

"आणि ज्वारी?"

"सुगीला येईल हो! महाराज उसने घेतायत, बुडवतायत थोडेच? मजुरी दुप्पट देतो."

सगुणाने आवाज न ऐकता ठसा उचलला. तिथेच चुकलं! तिच्या चाळिसाचे साठ झाले आणि तिला वाटलं, देव पावला.

सुगी आली. राजाने उसने फेडले का? छे! आणखी वीस हजार मागितले. महाल चढत गेला, गवंड्यांच्या कमरा बिल्ल्यांनी खुळखुळू लागल्या आणि तेलाचा भाव एका बिल्ल्यावरून पाचावर गेला. लोक तेलिणीवर खेकसले.

"माझ्यावर काय डोळे वटारता?" तेलीण म्हणाली. "मला तीळ तरी कोण जुन्या भावाने देतंय?"

राजाने दवंडी पिटवली की व्यापारी लोभी झालेत. तेलिणीला चाबकाचे फटके बसले. खोटं राजाचं आणि वळ तेलिणीच्या पाठीवर!

पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही. सारा मुलूख बिल्ले घेऊन कोठाराच्या दारात उभा राहिला. आत होते उंदीर आणि कोपऱ्यात थोडी ज्वारी. कोठाऱ्याने फर्मान वाचलं, "वीस बिल्ल्यांना एक ओंजळ."

सगुणा साठ बिल्ले देऊन तीन ओंजळी ज्वारी पदरात घेऊन आली. नवरा वारलेली, दिवस भरत आलेली लेक माहेरी येऊन दारातच बसली होती. तिने पदरात डोकावून पाहिलं.

"आई, साठ पायल्या म्हणाली होतीस ना गं?"

सगुणा त्या तीन ओंजळी घेऊन जात्यापाशी बसली.

लेक बाळंत झाली. तिच्या पोटात अन्न नव्हतं, अंगावर दूध उतरलं नाही. नवव्या दिवशी बाळ गेलं.

दहाव्या दिवशी कोठारी आला, या वेळी न हसता. "बाई, बिल्ले फार झालेत. महाराज म्हणतात, त्यांची पुन्हा माती करा, म्हणजे भाव उतरतील."

"मुडदा बसवला तुमच्या महाराजांचा!" सगुणा कडाडली. "भाजलेल्या खापराची पुन्हा माती होते होय रे? कुंभाराच्या चार वर्षांच्या पोराला विचार! माझा नातू गिळलात, आता मला अक्कल शिकवता?"

ती ठसा घेऊन तरातरा कोठाराकडे गेली आणि पायरीवर आपटून तिने त्याचे तुकडे केले. "हे पाप या हातांनीच झालंय," ती सगळ्यांदेखत ओरडली. "ऐकल्याशिवाय ठसा उचलला मी. पण उचलायला लावणारा वर महालात बसलाय!"

लोकांनी आपापले बिल्ले त्याच पायरीवर फोडले. गवंडी चौथ्या मजल्यावर थापी टाकून निघून गेले. राजाचा आचारी बिल्ल्यांची पोती घेऊन दारोदार फिरला, त्याला कुणी पसाभर पीठ दिलं नाही. पुढे पाऊस आला, पीकही आलं, पण त्या कोठारात कुणी पुन्हा दाणा टाकला नाही.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: कोठारात दाणा नसताना जो राजा बिल्ले पाडतो, तो प्रजेच्या ताटातलं चोरतो.