दोनशे अकरा आणि एक

एकदा एक मेंदू-संशोधिका आपल्या निवृत्त गुरुजींच्या घरी घाईघाईने आली. हातात कागदांची चळत होती. सोमवारी तिची प्राध्यापकपदासाठी मुलाखत होती आणि सारी भिस्त तिच्या एका शोधनिबंधावर होती. उंदरांना वाट शिकवून नंतर एक औषध टोचले, तर ती वाट ते विसरतात, असे तिने त्यात दाखवले होते.

"सर, दोनशे बारा जणांनी माझ्या निबंधाचा हवाला दिलाय," ती म्हणाली. "दोनशे अकरा चांगले आहेत. एक मात्र..."

"एक काय?"

"आयझॉलच्या कुठल्याशा कॉलेजातल्या बाई लिहितात, त्यांचे उंदीर काहीच विसरले नाहीत म्हणे. तेवढा एक यादीतून गाळू का? समितीत कोण बघतंय?"

गुरुजींनी दोनशे अकरा कागद न बघताच खुर्चीखाली सरकवले. तो एक मात्र दोनदा वाचला. मग ताडकन उठून त्यांनी पत्नीला हाक मारली, "अगं, ऐकलंस का? डब्यातले पेढे आण. सगळे आण!"

शिष्या दुखावली. "दोनशेचा टप्पा ओलांडला तेव्हा तुम्ही साधा चहासुद्धा पाजला नाहीत, सर. आणि मला खोटं पाडलं म्हणून पेढे?"

"या दोनशे अकरांपैकी तुझा प्रयोग करून कोणी पाहिला?"

तिने आठवून पाहिले. कोणीच नाही. प्रत्येकाच्या प्रस्तावनेत एक ओळ, एवढेच.

"या बाईंनी पाहिला. तू लिहिलंस अगदी तसाच, चार तासांनी औषध टोचून."

"चार तास?" तिने आपला निबंध उघडला आणि तिचा चेहरा उतरला. "सर, आम्ही चाळीस मिनिटांनी टोचलं होतं. लिहिताना माझीच चूक झाली. सहा वर्षं झाली!"

"सहा वर्षं विद्वानांनी तुझं नाव घेतलं. या बाईंनी तुझा शब्द खरा मानला. पण रडतेस काय, आकडे बघ! चाळीस मिनिटांनी टोचलं तर विसरतात, चार तासांनी नाही. म्हणजे आठवण पक्की होते ती या दोहोंच्या मध्येच कुठेतरी! हे तुला एकटीला दिसलं नसतं, त्यांनाही नाही."

"पण आत्ता दुरुस्ती छापायला दिली, तर सोमवारी..."

"कदाचित पद जाईल. तुझ्या जागी मी काय केलं असतं, छातीवर हात ठेवून सांगता येत नाही मला."

गुरुपत्नींनी आणून ठेवलेला पेढ्यांचा डबा तिने पुढे ओढला. मग एक पेढा तोंडात टाकला आणि तिथेच संपादकांना दुरुस्तीचे पत्र लिहिले. दुसरे पत्र आयझॉलला: "तुमचे उंदीर बरोबर आहेत, चूक माझी. एक तास, दोन तास, तीन तासांनी टोचून पाहायचे प्रयोग वाटून घेऊ या का?"

जाताना तिने चळत उचलली आणि तो एक कागद सर्वांत वर ठेवला.

आपले नाव किती जणांनी घेतले, हे मोजायला सोपे असते. आपले सांगणे कोणी करून पाहिले का, हे विचारायला धीर लागतो.