क्रूसासमोरचे दोन भाऊ

एकदा एका द्राक्षमळ्यावरून भांडत दोन सख्खे भाऊ आपल्या प्रांताच्या वृद्ध सरदाराकडे न्याय मागायला आले. ही गोष्ट फ्रँक लोकांच्या देशातली, म्हणजे आजच्या फ्रान्सकडची, साधारण बाराशे वर्षांपूर्वीची. साक्षीदार नसला की तिथे एक रीत होती. दोघांनी क्रूसासमोर हात पसरून उभे राहायचे. ज्याचे हात आधी खाली येतील, तो हरला. खऱ्याच्या हातांना देव बळ देतो, अशी श्रद्धा. साठीनंतर खांदे कसे दुखतात, याचा विचार ही रीत घालून देणाऱ्याने केला नसावा.

सरदाराचा पुतण्या वार्नेर त्याच्याकडे कारभार शिकत होता. तोही शेजारी उभा होता. भाऊ क्रूसाकडे तोंड करून उभे राहिले, तोच सरदार आसनावरून उठला आणि खांद्याला धरून त्याने दोघांना एकमेकांसमोर वळवले.

"क्रूस आहे तिथेच आहे," तो म्हणाला. "आता पसरा हात."

थोरला साठीचा. थोड्याच वेळात त्याची बोटे थरथरू लागली, ओठ पांढरे पडले. धाकट्याचे हात अजून ताठ होते. पण समोरचा चेहरा त्याला बघवेना. त्याने हात सावकाश खाली घेतले.

"मळा दादाचा."

थोरल्याला रडू आवरेना. "मला एकट्याला झेपणार आहे का तो? सकाळी ये छाटणीला. अर्धा तुझा."

ते गेल्यावर वार्नेर कुरकुरला, "काका, तुम्ही रीत मोडलीत. जिंकणारा हरला."

"बाळ, क्रूसाकडे बघताना प्रत्येकाला आपलाच खरेपणा दिसतो. मी त्यांना भाऊ दाखवला, इतकेच. बावीस वर्षांपूर्वी एका कुरणासाठी मी आणि तुझे वडील असेच उभे होतो. माझी नजर क्रूसावरून हलली नाही. मी जिंकलो. वळून पाहिले, तर तो निघून गेला होता. त्याने तुला माझ्याकडे शिकायला पाठवले, हे त्याचे मोठेपण. स्वतः मात्र पुन्हा आला नाही. मला त्याची फार आठवण येते."

वार्नेरने काकांचा घोडा आणला आणि चढायला हात दिला.

"कुठे?"

"बाबांकडे. संध्याकाळपर्यंत पोहोचू."

"तो दार उघडेल?"

"ते मी कसे सांगू? पण या वेळी तुम्ही त्यांच्याकडे बघाल."

म्हाताऱ्याने लगाम हातात घेतला.