झापड

तेल अजून बाटलीत नव्हे, बुधल्यात मिळायचं तेव्हाची गोष्ट. यमाक्का तेलिणीच्या घाण्याला कवड्या नावाचा बैल होता. फिरताना चक्कर येऊ नये म्हणून यमाक्का त्याच्या डोळ्यांवर झापड बांधायची. झापड बांधली की कवड्याला कोणी दिसत नसे, त्यामुळे आपणही कोणाला दिसत नाही असं त्याला वाटे. मग त्याच्या तोंडाला खळ नसे.

"पेंड कोरडी मिळते. पाणी कोमट. त्यात मालकीण गाते, आणि तेही बेसूर."

झापड सुटल्यावर यमाक्का विचारायची, "काही त्रास?"

"छे, सगळं उत्तम, अक्का."

यमाक्का गालातल्या गालात हसायची आणि दुसऱ्या दिवशी पेंड भिजवून ठेवायची.

एकदा दारातल्या शेळीला राहवलं नाही. "अरे, तूच बोलतोस हे अख्ख्या आळीला ठाऊक आहे."

कवड्या थिजलाच. त्या दिवसापासून झापड बांधली तरी तो गप्प. पुढे जू काचून मान सोलवटली, चाल मंदावली. विचारलं तर उत्तर तेच, "सगळं उत्तम, अक्का."

शेवटी एका सकाळी झापड बांधून झाल्यावर यमाक्का आवाज घोगरा करून म्हणाली, "मीही डोळ्यांवर पदर ओढलाय. आता इथे कोणीच कोणाला दिसत नाही. कुणाची मान दुखते का?"

दुसऱ्या फेऱ्याला कवड्या पुटपुटला,

"दुखते एकाची. डावीकडे."

"बरं. जुवाला चिंध्या गुंडाळते. आणि गाणं बंद करू का?"

"नको. त्याशिवाय त्या एकाचा पाय उचलत नाही."